उलट गुंडाळलेली मूठ

ऍन्स्ली वेल्स, वूस्टरशर
२ ऑगस्ट १९९८

ऑड्री,

‘प्रिय’ लिहावं की नाही यावर सकाळची चहाची अख्खी किटली संपली, म्हणून तो शब्दच गाळला. राग मानायचा तर मान. तेरा वर्षं मानतेच आहेस, त्यात एका शब्दाने काय भर पडणार?

टेसाचं पत्र आलं. तुझ्या लेकीने मावशीला आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहिलं, तेही तुला न सांगता, असं म्हणते. (आता मी सांगितलं. मला गुपितं राखता येत नाहीत असं तू म्हणायचीसच.) नऊ सप्टेंबरला तुझ्या हृदयाची झडप बदलणार आणि डॉक्टर बोलताना ‘वयाच्या मानाने’ असं दोनदा म्हणाले, हे तिने कळवलं. साठ म्हणजे काय वय झालं? मी चौसष्टची आहे आणि काल शिडीवर चढून पन्हाळी साफ केली.

पण मुद्दा तो नाही. नऊ तारखेच्या आधी मला एक गोष्ट ठरवायची आहे. तुझी माफी मागायची, की तुला माफ करायचं? दोन्हींपैकी एक करायला हवं एवढं कळतं. कोणतं, ते कळत नाही. आजवर माझा असा गोंधळ नव्हता. तेरा वर्षं मला स्वच्छ माहीत होतं की लबाडी तू केलीस.

तुझं म्हणणं आणि माझं म्हणणं एकदा शेजारी शेजारी मांडून बघते.

तुझं म्हणणं असं. बाबांनी मृत्युपत्रात रॅकेट-दुरुस्तीच्या शेडमधलं सगळं, म्हणजे बासष्ट रॅकेटी, त्या वाकू नयेत म्हणून लावायचे लाकडी प्रेस, चेंडूंचे डबे, तातीची भेंडोळी, मला दिलं आणि तुला फक्त एक रॅकेट. पण ती एक म्हणजे म्हातारी. एकशे पाच वर्षांची, तिरक्या डोक्याची, बाबांचा जीव की प्राण. ते मला सहन झालं नाही. म्हणून मी खरी दाबली आणि तुझ्या हातात नकली ठेवली. तू ती होबार्टला नेलीस, मेलबर्नच्या कुणा जाणत्याला दाखवलीस, आणि तो म्हणाला, “बाई, त्या काळच्या रॅकेटीच्या मुठीला कातडं नसायचंच. नुसतं खाचा पाडलेलं लाकूड. कातडं फार पुढे आलं. शिवाय हे गुंडाळलंयही उलट. तुम्हाला कुणीतरी फसवलंय.” कुणीतरी म्हणजे मी. मग तू ती पार्सलने परत पाठवलीस, सोबत हे सगळं लिहिलेली एक चिठ्ठी, आणि शेवटी: ‘तुझी तुला लखलाभ.’

माझं म्हणणं असं. मी बाबांच्या शेडमधली, छताला टांगलेली म्हातारी स्वतःच्या हाताने काढून तुला दिली. माझ्याकडून गेली ती खरी, हे मला माहीत; तीन महिन्यांनी परत आली ती नकली, असं तूच लिहितेस. ते तीन महिने ती कुणाकडे होती? तुझ्याकडे. मग खरी विकून खोटी कुणी पाठवली?

मुठीला आधीपासून कातडं होतं का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आपल्याला तिला हात लावायची बंदी होती आणि आपल्या घरातल्या सगळ्याच मुठींना कातडं होतं.

तुझी ती चिठ्ठी आली, त्यानंतर तुझं काही आलं नाही. मीही लिहिलं नाही. पार्सल पेटीत ठेवलं आणि पेटीवर शिवणयंत्र.

पुढच्या रविवारी लेमिंग्टनला जुन्या टेनिसच्या वस्तूंचा बाजार आहे. तिथे ती दाखवते. नकलीच आहे असं एकदा कुणी परक्याने सांगितलं, की तुला माफ करायला मी मोकळी.

हेस्टर

९ ऑगस्ट

ऑड्री,

हे पत्र टाकायचं की नाही ते शेवटी ठरवेन.

तुला हसू येईल, पण आता मी या बाजारांतली जुनी खोड झाले आहे. बाबांची शेड झाडताना मी नाक मुरडायची, आठवतंय ना? ते गेल्यावर पहिली दोन वर्षं सगळं विकायच्या गोष्टी केल्या. मग एक प्रेस दुरुस्त केला, मग एका रॅकेटीचा जोड शोधायला निघाले, आणि संपलं. आता थर्मास आणि भिंग घेऊन बसते आणि चार माणसं माझा सल्ला विचारतात.

माझ्या शेजारचं टेबल म्युरिएल स्टॉटचं. ती फक्त चेंडूंचे डबे विकते, तेही न उघडलेले. कुणी डबा हातात घेऊन हलवला की ओरडते, “अहो, उघडू बिघडू नका हं! आतली हवा १९३६ची आहे.” एका बाईने विचारलं, आत चेंडू चांगले असतील ना? म्युरिएल म्हणाली, “ते कळायला उघडावा लागेल, आणि उघडल्यावर कळून उपयोग काय?” आमच्या लोकांचं हे असं आहे.

म्हातारीला घेऊन मी क्रिस्पिन इंगल्बीकडे गेले. निवृत्त दंतवैद्य. सबंध इंग्लंडात तिरक्या डोक्याच्या रॅकेटी याच्याइतक्या कुणी हाताळल्या नसतील. रॅकेट हातात घेतली की आधी ती नाकाशी नेतो.

“कुणी गुंडाळलीय ही?” त्याने मुठीवरून अंगठा फिरवला.

“माझ्या बहिणीने,” मी म्हटलं. “नकली आहे ती.”

“बहीण डावखुरी आहे?”

ऑड्री, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तो इथे लिहायची लाज वाटते. मी जवळजवळ ओरडलेच, “आहे! पक्की डावखुरी!”

“उजव्या हाताचा माणूस इकडून गुंडाळतो, डावरा तिकडून. ही तिकडून आहे.” मग त्याने चष्मा कपाळावर चढवला. “बहिणीचं वय काय?”

“साठ.”

“मग ती चिमुरडी असताना हे काम करत होती म्हणायचं. हेस्टर, हे कातडं पन्नास वर्षांचं तरी आहे. एकदा बसवलंय, नंतर कधी निघालेलं नाही. हा तांब्याचा खिळा बघा, हा मेणाचा काळा दोरा बघा. सात वेढे. ही कुणा कारागिराची सवय आहे.”

सात वेढे. शेडमधल्या प्रत्येक मुठीच्या टोकाला सात वेढे आहेत, मेणाच्या काळ्या दोऱ्याचे. आणि सगळ्या मुठी उलट. मला तर तीच सुलट वाटते, कारण मी जन्मापासून तीच बघत आले. बाजारात दुसऱ्यांच्या मुठी बघून वाटायचं, काय बेंगरूळ गुंडाळतात ही माणसं! पंधरा वर्षांची झाल्यापासून बाबांच्या हाताखाली राबले आणि बाबा डावखुरे होते म्हणून हे असं, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या चिठ्ठीत ‘उलट गुंडाळलंय’ असं वाचूनही आलं नाही.

इंगल्बीला म्हटलं, “माझे वडील कातड्याखाली पेन्सिलीने लिहायचे. कुणाची रॅकेट, काय मोडलं, कधी दुरुस्त केलं.”

“मग आत काहीतरी असेलच.” त्याने ती झटकन माझ्या हातात दिली. “पण उघडू नका. मुळातली गुंडाळणी काढली की आमच्यात कुणी तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. आज ती निदान कोडं तरी आहे. उद्या ती नुसतं सरपण होईल.”

म्हातारी आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. चहा तिच्या बाजूला बसूनच घेतला.

हे.

११ ऑगस्ट

ऑड्री,

मागचं टाकलं नाही. हेही टाकेन असं वाटत नाही. पण मनात नुसतं घोळवत बसण्यापेक्षा लिहून काढणं बरं.

कातडं बाबांनी गुंडाळलं. म्हणजे तू काही केलं नाहीस. मीही नाही. मग उरलं कोण? मेलबर्नचा माणूस बरोबर असेल, तर नकली बाबांनीच केली. खरी कधीतरी विकली, तिच्या जागी ही टांगली, आपल्याला हात लावू दिला नाही, आणि मरताना मोठ्या मानाने ती तुला दिली. आणि मी वीस वर्षं पोस्टात काउंटरवर बसून घरी आले की त्या लबाड माणसासाठी सूप करत होते!

मला हे पटत नाही. पटत नाही म्हणजे नकोसं वाटतं. खरं सांगू? चोर तूच असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू तिकडे समुद्रापलीकडे. बाबा इथे, टेनिस क्लबच्या मागच्या चर्चच्या दफनभूमीत. दर रविवारी त्यांच्यावरून चालत जाते.

आणि आणखी एक. पहिल्या पत्रात लिहिलं की छताला टांगलेली म्हातारी मी स्वतः काढून तुला दिली. ते तितकंसं खरं नाही. मृत्युपत्र वाचून झाल्यावर मी ती शेडमधून काढली आणि वरच्या कपाटात, टेबलक्लॉथच्या खाली ठेवली. आणि तुलाच नेमका दफनानंतरच्या चहासाठी टेबलक्लॉथ हवा झाला. तू ती बाहेर काढून माझ्याकडे नुसतं बघितलंस. मी म्हटलं, “धूळ लागू नये म्हणून.” तू म्हणालीस, “हो का?” त्या दोन शब्दांवर तेरा वर्षं काढली आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पुन्हा तिथे लपवून तुला दुसरीच दिली तर नाही ना, असा तुला संशय आला असेल तर तुझी काही चूक नाही. मी विचार केला होता. केलं नाही, पण केला होता.

१५ ऑगस्ट

ऑड्री,

आज क्लबात गेले होते. आता तिथे तीनच कोर्टं गवताची उरली आहेत, बाकीची हिरव्या रंगाची कसली तरी चटई. भिंतीवरचे फोटो अजून आहेत. खाली चहाचे डाग, वर माणसं.

१९३८च्या फोटोत बाबा मागच्या रांगेत डावीकडून दुसरे उभे आहेत, छातीशी म्हातारी धरून. चिटणीस गिल्बर्ट नॉरिसने स्टूल आणून दिलं, मी वर चढून भिंग लावलं. गिल्बर्ट खाली उभा राहून म्हणतो, “मिस पिल्बीम, पडलात तर मला क्लबच्या बैठकीत उत्तर द्यावं लागेल.”

“मी पडले तर बैठकीत चहा कोण करणार याची काळजी कर आधी.”

मुठीला कातडं नव्हतं, ऑड्री. उघडं लाकूड, उभ्या खाचा, अगदी मेलबर्नवाला म्हणाला तसं.

पण थांब. डोक्याच्या वरच्या कडेला, घड्याळात दोन वाजतात तिथे, लाकडात एक काळी गाठ आहे. फोटोत दिसते. मी पिशवीतून म्हातारी काढली. तिलाही तिथेच, तशीच, मसुराच्या दाण्याएवढी गाठ. कुणाला मुद्दाम करायची म्हटली तरी ती गाठ करता येणार नाही.

म्हणजे डोकं खरं आणि मूठ खोटी? आता मी काय करू? अर्धी माफी मागू?

घरी येताना मी दोनदा चुकीच्या गल्लीत वळले. ज्या गावात जन्म गेला तिथे! चर्चच्या दारात उभी राहून ठरवत होते की आधी कोणत्या वर्षाचा विचार करायचा. ’३८मध्ये मूठ उघडी. तू लहान असताना ती छताला टांगलेली. मधे लढाई. लढाईत क्लबच्या कोर्टांवर बटाटे लावले होते, ते आठवतं. बाबा म्हणायचे की टेनिसमध्ये प्रथमच काहीतरी खाण्याजोगं उगवलं. मग ’४६च्या उन्हाळ्यात पुन्हा गवत. मग ’४७च्या फेब्रुवारीत आई गेली, त्या हिमवर्षावात. त्यानंतर बाबांनी घरात कधी काही नवीन केलं नाही, नुसतं जुनं दुरुस्त केलं.

इंगल्बीचा फोन आला होता. “उघडलं नाही ना?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, “शहाण्या आहात.” मला बरं वाटलं. आणि मग काही बरं वाटेना.

२० ऑगस्ट

ऑड्री,

तुझं कार्ड आलं. होबार्टच्या बंदराचं चित्र आणि मागे तुझ्या त्या डाव्या हाताच्या, मागे झुकलेल्या अक्षरात तीन ओळी:

‘त्यानंतर माझं काही आलं नाही म्हणतेस. आलं होतं. रजिस्टर करून पाठवलं होतं. पोचपावती माझ्याकडे आहे, सही तुझी. आधी ते वाच.’

तुझी ही सवय गेली नाही. कागद जपून ठेवायचे आणि नेमके वेळेला काढायचे.

हो. आलं होतं. २७ नोव्हेंबर १९८५ला. मी सही केली, जाड पाकीट होतं. पोस्टमन म्हणाला, “ऑस्ट्रेलिया! कोण आहे तिकडे?” मी म्हटलं, “कुणी नाही.”

उघडलं नाही. आधी रागाने, मग भीतीने, आणि मग तेही राहिलं नाही. बंद पाकीट मनात येईल ते असतं. एखाद्या दिवशी त्यात तुझी कबुली असायची, एखाद्या दिवशी शिव्या. मला हव्या त्या. उघडलं असतं तर एकच काहीतरी राहिलं असतं. म्युरिएलच्या डब्यांना हसायचा मला काही अधिकार नाही.

ते शिवणयंत्राच्या खणात आहे, बॉबिनांच्या खाली. आज दुपारी काढलं. कडा पिवळ्या पडल्यात. टेबलावर म्हातारीच्या शेजारी ठेवलंय. आता टेबलावर मला चहाला जागा नाही.

उद्या.

२१ ऑगस्ट

ऑड्री,

वाचलं. सकाळी साडेसातला वाचलं, आठ वाजता पुन्हा वाचलं. तुझं पत्र तुझ्यासाठीच उतरवून काढते आहे, कारण तेरा वर्षांपूर्वी काय लिहिलंस ते तुला शब्दश: आठवत नसेल, आणि ते मला स्वतःच्या हाताने लिहून बघायचं आहे.

‘हेस्टर, मागची चिठ्ठी रागाच्या भरात लिहिली. मेलबर्नचा माणूस गेला उडत. खरी तू ठेवली असलीस तरी ठेव. बाबांचं शेवटची सहा वर्षं तू केलंस, मी नाताळला कार्डं पाठवली. पण एक सांग. मला एक आठवतं आणि ते घडलेलं की मी रचलेलं, ते कळेनासं झालंय. मी आठ वर्षांची होते. लढाईनंतर कोर्ट पहिल्यांदा उघडलं तो दिवस. मला गोवर होता, बाहेर पडायची बंदी होती, म्हणून लोखंडी रोलरच्या मागे लपले होते. तीन नंबरच्या कोर्टवर फक्त आई आणि बाबा. आई म्हणत होती, “एकच चेंडू, ऍम्ब्रोज. म्हातारीलाही वाटत असेल ना, कधीतरी खेळावं.” बाबा म्हणाले, “नोरा, ती मोडेल.” आई म्हणाली, “मग तू दुरुस्त कर. येतं ना तुला?” आणि बाबांनी ती आईच्या हातात दिली. बाबांनी! आईने मारला. मग कडाड असा आवाज आणि आई गवतावर बसली. मला वाटलं पडली. पण ती हसत होती, हातात नुसती मूठ. बाबाही तिच्या शेजारी गवतावर बसले. आईचं हसणं मला तेवढंच आठवतं. तिचा चेहरा मला फोटोतला आठवतो, आवाज दुसरा कुठलाच आठवत नाही. पण म्हातारी तर कधी मोडली नव्हती, ती तर अख्खी टांगलेली होती. म्हणजे मी हे सगळं स्वतःशी रचलं का? आईचं हसणंही? तू मोठी होतीस, तुला माहीत असेल. रागाने उत्तर दिलंस तरी चालेल. फक्त दे.’

फक्त दे.

ऑड्री, मला माहीत नव्हतं. तेव्हा उत्तर दिलं असतं तर तेच लिहिलं असतं, की मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हते. कोर्टं शनिवारी उघडली आणि शनिवारी मी पियानोच्या शिकवणीला जायची. पण निदान उत्तर तरी दिलं असतं. तू तेरा वर्षं तिकडे बसून स्वतःच्या आईच्या हसण्यावर संशय घेत राहिलीस आणि ते पत्र माझ्या बॉबिनांच्या खाली होतं. याची मी माफी मागते. अर्धी नाही, पूर्ण. हे ठरायला नऊ तारखेपर्यंत थांबायला लागलं नाही.

मग बाबांची पक्कड आणली, खिळे उपटायची. इंगल्बीची आठवण आली आणि क्षणभर हात अडला, हे कबूल करते. दहा वर्षं मी लोकांना हेच सांगत आले आहे की कातड्याला हात लावू नका. खिळा सहज निघाला. दोऱ्याचे सात वेढे कापले नाहीत, एकेक करून सोडवले. कातडं एका लांब पट्टीत सुटलं आणि स्वयंपाकघरात बाबांच्या शेडचा वास आला, मेण आणि तंबाखू.

खाली पांढरट नवं लाकूड. जुन्या डोक्याला तिरका सांधा, केसभरही फट नाही. आणि त्यावर पेन्सिलीने, बाबांच्या बारीक, मागे झुकलेल्या अक्षरात:

‘१३ जुलै १९४६. कोर्ट तीन. बटाट्यांनंतरचा पहिला दिवस. नोराने एक चेंडू मारला. पलीकडच्या कोपऱ्यात, रेषेवर. मूठ गेली. नवी ऍशच्या लाकडाची बसवली, सांधा झाकायला कातडं. दोष माझा, मीच दिली. पुन्हा मागितली तर पुन्हा देईन.’

खाली थोडी जागा सोडून, दुसऱ्या पेन्सिलीने:

‘ऑड्री रोलरमागे होती. गोवर असून. मी पाहिलं नाही असं तिला वाटतं. ही तिची.’

मी खूप वेळ रडले. त्यात थोडं रडणं वाईट प्रकारचं होतं, तेही सांगते. पन्नास वर्षं त्यांच्या घरात राहिले आणि त्या लाकडावर माझं नाव नाही. मला का नाही, हे मी मृत्युपत्र वाचलं त्या दिवसापासून विचारत होते. उत्तर एवढंसं होतं: तू तिथे होतीस आणि मी पियानोवर होते. यात कुणाचाच काही गुन्हा नाही. पियानोही मला कधी नीट आला नाही.

तर हे तुझ्या पत्राचं उत्तर. उशिरा देते आहे.

हो. घडलं होतं. तू रचलं नाहीस. आई हसत होती.

२६ ऑगस्ट

प्रिय ऑड्री,

हे पत्र टपालात टाकणार नाही, कारण ते तुला वेळेत मिळणार नाही. आणि मागची पाचही इथेच आहेत. सगळी स्वतःच घेऊन येते आहे. चार सप्टेंबरला होबार्टला उतरते. टेसा घ्यायला येईल. तिला म्हटलं, तुझ्या आईला सांगू नकोस, तिचं हृदय. ती म्हणाली, “मावशी, आईने पाहुण्यांची खोली परवाच झाडून ठेवलीय.”

इंगल्बीला फोनवर सगळं खरं सांगितलं. तो मग म्हणाला, “रेषेवर म्हणालात?” मी म्हटलं, “हो, पलीकडच्या कोपऱ्यात.” “त्या म्हाताऱ्या काठीने,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हातारी विमानात मांडीवर घेणार आहे. सामानात देणार नाही, कितीही हुज्जत घातली तरी. कातडं वेगळ्या पाकिटात आहे, खिळा काड्यापेटीत, दोरा त्याच्यावर गुंडाळलेला. बाबांच्या दोन नोंदींच्या खाली आणखी दोन ओळींची जागा आहे. एक मी लिहिली आहे. ती वाचल्यावर तुला जे म्हणायचं ते दुसरीत लिही. पेन्सिलीने, शाईने नको.

मग ती तूच गुंडाळ, ऑपरेशनच्या आधी. थकलीस तर मी दोरा धरेन. मी काल दोनदा करून बघितली आणि दोन्ही वेळा सोडवली. माझा हात उजवा आहे. मी गुंडाळली तर ती सुलट होते.

तुझी,
हेस्टर